गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा कसा करावा: पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील ग्रामसभांसाठी

वनहक्क म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुटुंब कसत असलेला जमिनीचा तुकडा येतो. तो हक्क महत्त्वाचा आहेच, पण 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला त्याहून मोठी गोष्ट देऊ केली आहे. गावाच्या पारंपरिक शिवेतील संपूर्ण जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम 3(1) अन्वये ग्रामसभेला मिळू शकतो. वैयक्तिक दाव्याला चार हेक्टरांची कमाल मर्यादा आहे, गावाच्या सामूहिक दाव्याला मात्र क्षेत्राची कोणतीही कमाल मर्यादा नाही. हिरडा कोणी गोळा करायचा, कोणत्या वर्षी कोणता डोंगर चराईला बंद ठेवायचा, वणवा लागू नये म्हणून जाळरेषा कोठे काढायची, हे ठरवण्याची कायदेशीर सत्ता त्यातून गावाकडे येते. आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील ज्या वाड्यांचे जगणे डोंगरातील रानावर अवलंबून आहे, त्यांनी हा दावा कसा उभा करावा, हे पुढे सांगितले आहे.

हा दावा प्रामुख्याने गावातच सिद्ध होतो किंवा गावातच फसतो, असे माझे ठाम मत आहे. वरच्या समित्यांकडे जाणारी संचिका कच्ची असेल, तर नंतर कितीही चकरा मारल्या तरी ती पक्की करणे अवघड जाते. म्हणून या लेखात ग्रामसभेची बैठक, शिवफेरी (गावाच्या शिवेवरून पायी फिरून खुणा नोंदवणे) आणि पुरावे यांनाच अधिक जागा दिली आहे.

कोणता नमुना भरायचा

या कायद्याखालील दाव्यांचे तीन नमुने आहेत. नमुना अ वैयक्तिक दाव्यासाठी आहे. नमुना ब सामूहिक वापराच्या हक्कांसाठी आहे, म्हणजे निस्तार (घरगुती गरजेपुरते जळण, लाकूड, गवत घेण्याची जुनी वहिवाट), गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून हिरडा, मध यांसारखे रानातले उत्पन्न), चराई, मासेमारी आणि पाणवठे यांसाठी. नमुना क हा गावाच्या संपूर्ण सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाच्या हक्कासाठी असून तो 2012 च्या सुधारित नियमांनी जोडला गेला. ग्रामसभेने ब आणि क हे दोन्ही नमुने भरावेत, कारण केवळ ब भरल्यास गावाला जंगल वापरता येते, पण त्याच्या व्यवस्थापनाचा निर्णय दुसऱ्याच्याच हाती राहतो.

भीमाशंकर परिसरातील गावांत एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, की आपले रान अभयारण्यात गेले, तेव्हा आता दावा करता येत नाही. हे चुकीचे आहे. कायद्यातील व्याख्येत राखीव वने, संरक्षित वने, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झाले, आणि त्या घोषणेमुळे त्याआधीपासून तेथे राहणाऱ्यांचा या कायद्याखालील हक्क संपत नाही. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासींना त्यांच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही, असे कलम 4(5) सांगते. ते कलम प्रत्येक वनहक्क समितीच्या सचिवाला तोंडपाठ असावे.

दुसरा गोंधळ गायरानाचा आहे. गायरान ही सहसा महसुली जमीन असते आणि तिला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 लागू होते, त्यामुळे ती या दाव्यात घालू नये. मात्र सातबाऱ्यावर वन अशी नोंद असलेले गट, तसेच 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याने शासनाकडे आलेले गट, हे वनजमिनीत मोडतात. दावा लिहिण्यापूर्वी गावातील प्रत्येक डोंगरी गटाचा सातबारा काढून त्यावरील नोंद वाचून घ्यावी.

ग्रामसभा आणि वनहक्क समिती

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे. एका ग्रामपंचायतीत चार-पाच वाड्या असतील आणि प्रत्येक वाडीचे रान वेगळे असेल, तर दाव्याचा विचार वाडीच्या ग्रामसभेतच झाला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात आहे, आणि तेथे पेसा कायद्यामुळे (अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) वाडीच्या ग्रामसभेला अधिक भक्कम आधार मिळतो. त्याबाहेरच्या तालुक्यांनाही वनहक्क कायदा लागू आहेच. अनुसूचित जमातीत नसलेल्या कुटुंबांनाही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून हक्क मागता येतो, मात्र त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. नमुना क साठी गावात अशी काही पात्र कुटुंबे असणे पुरेसे असते.

ग्रामसभेने आपल्यातून 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची असते. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. समितीने अध्यक्ष व सचिव निवडून त्याची माहिती उपविभागीय समितीला म्हणजे प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी कळवावी. अनेक गावांत 2008 च्या सुमारास स्थापलेली समिती कागदावर असते, पण तिच्यातील काही सदस्य हयात नसतात आणि काही कायमचे चाकण-भोसरीकडे गेलेले असतात. अशा वेळी जुन्या समितीच्या नावाने काम पुढे रेटू नये, तर नव्या ठरावाने ती पुनर्गठित करावी.

गणपूर्तीबाबत फार दक्ष राहावे. वनहक्कांच्या ग्रामसभेला सर्व प्रौढ सदस्यांपैकी किमान निम्म्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. वाडीत 240 प्रौढ असतील तर 120 जण हजर हवेत, आणि 120 जण आले तर त्यात किमान 40 महिला हव्यात. दावे मंजूर करण्याच्या बैठकीला दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे उपस्थित असणेही आवश्यक आहे. ज्या वाड्यांतील तरुण पिढी कारखान्यांत पाळीवर जाते, तेथे ही गणपूर्ती साधणे हेच पहिले मोठे काम असते. भाताच्या आवणीच्या दिवसांत बैठक ठेवू नये. गावची यात्रा, दिवाळी किंवा लग्नसराईत सगळे घरी आलेले असताना दोन दिवस आधी दवंडी देऊन बैठक बोलवावी. सह्यांच्या वहीत प्रत्येकापुढे नाव, वय आणि स्त्री-पुरुष असा रकाना असावा, म्हणजे महिलांचे प्रमाण नंतर कोणालाही मोजता येईल.

ठरावाची भाषा साधी आणि नेमकी असावी. उदाहरणार्थ: "सोबतच्या नकाशात दाखविलेले व खाली चतुःसीमा दिलेले वनक्षेत्र हे आमच्या वाडीच्या पारंपरिक शिवेतील सामूहिक वनसंपत्ती असून, त्याचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य व्हावा, यासाठी नमुना क मधील दावा सादर करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे." ठरावाखाली सूचक व अनुमोदकाची नावे घ्यावीत आणि इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून दाखवावे.

शिवफेरी आणि नकाशा

सगळ्यात अधिक वेळ या कामाला द्यावा. शिवफेरीला निघताना गावातील वयस्कर माणसे, गुरे राखणारे, मध व हिरडा गोळा करणाऱ्या बायका आणि मोबाइलवर जीपीएस नोंद घेऊ शकणारी दोन मुले असा संच असावा. गुराख्याला घाटवाटा आणि पाणवठे ठाऊक असतात. बायकांना कोणत्या उतारावर कोणते झाड आहे आणि कोणत्या झाडाचा हिरडा कोणत्या घराकडे परंपरेने आहे, हे माहीत असते, आणि ही माहिती कोणत्याही सरकारी नकाशात सापडत नाही.

प्रत्येक वळणावर थांबून खूण लिहावी: कोणती धार, कोणती खिंड, कोणता ओढा, शिवेचा दगड, देवाचे ठाणे, जुन्या गावठाणाची जोती, स्मशानभूमी, झरा, पायवाट. "उत्तरेस डोंगर" असे लिहिणे निरुपयोगी आहे. "उत्तरेस अमुक खिंडीपासून अमुक धारेने खाली उतरून अमुक ओढ्याच्या संगमापर्यंत" असे लिहिले, म्हणजे वनरक्षक आणि तलाठी यांना ती रेषा जागेवर पायी चालून तपासता येते. जीपीएसचे आकडे या वर्णनाच्या शेजारी लिहावेत, वर्णनाच्या जागी नव्हे.

डिंभे धरणाच्या पाणलोटातील गावांना एक वेगळी अडचण येते. घोड नदीवरील या धरणात जुने आंबेगाव आणि आसपासची काही गावे बुडाली, आणि त्यांच्यासोबत शिवेच्या कित्येक खुणाही पाण्याखाली गेल्या. अशा गावांनी बुडालेल्या खुणांचे वर्णन वृद्धांच्या जबानीत सविस्तर घ्यावे, आणि आजची पाणरेषा म्हणजे गावाची मूळ शिव नव्हे, हे दाव्यात नमूद करावे. जलाशयात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी तो हक्क नमुना ब मध्ये स्वतंत्रपणे मागावा.

शेजारच्या गावांशी शिवेचा प्रश्न सुरुवातीलाच मिटवावा. नमुना क मध्ये लगतच्या गावांची नावे आणि त्यांच्याशी असलेल्या वाटणीची माहिती मागितलेली असते. दोन गावांच्या दाव्यांत क्षेत्र एकमेकांवर येत असेल, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून त्याचा विचार करायचा असतो. सह्याद्रीत असे क्षेत्र बहुधा असतेच, कारण एकाच पठारावर दोन-तीन वाड्यांची गुरे चरतात. तेथे रेषा ओढण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ते क्षेत्र सामायिक असल्याचा संयुक्त ठराव दोन्ही ग्रामसभांनी करावा, हे अधिक शहाणपणाचे आहे. त्याच वेळी पावसाळ्यानंतर कळप घेऊन येणाऱ्या धनगर कुटुंबांचा विसर पडू देऊ नये. हंगामी वापराचा त्यांचा हक्कही हाच कायदा मानतो. गावातील भूमिहीन कातकरी कुटुंबांचेही तसेच आहे. ती बहुधा बैठकीला येत नाहीत, म्हणून त्यांच्या वस्तीवर जाऊन त्यांचा वापर लिहून घेणे समितीचे कर्तव्य आहे. गावातल्या बलिष्ठ घरांनी आपल्यापुरता काढलेला नकाशा न्याय्य नसतो.

पुरावे कोठे मिळतात

नियम 13 प्रमाणे एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घेतले जातात, आणि अमुकच एक कागद हवा असा आग्रह समित्यांना धरता येत नाही. दावेदारांव्यतिरिक्त इतर वृद्धांची लेखी जबानी हा पूर्णपणे ग्राह्य पुरावा आहे. मात्र जबानी कशी लिहिली आहे, यावर तिचे वजन ठरते. "आम्ही पूर्वीपासून जंगल वापरतो" या वाक्याला फारसा अर्थ नाही. "माझे वय अंदाजे 80 आहे. लहानपणी मी आईबरोबर उन्हाळ्यात अमुक दांडावर बाळहिरडा झोडायला जात असे. तो अंगणात वाळवून आम्ही बाजाराला नेत असू. पलीकडच्या वाडीची माणसे त्या दांडाच्या अलीकडे येत नसत" अशी जबानी वापर, हंगाम आणि शिव या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध करते. जबानी माणसाच्या स्वतःच्या शब्दांत घ्यावी, वाचून दाखवावी आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. दहा जणांच्या जबान्या एकाच मसुद्यावर नावे बदलून तयार केल्या, तर तपासणाऱ्याला ते पहिल्याच नजरेत कळते.

कागदोपत्री पुराव्यांच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील गावे सुदैवी आहेत, कारण राज्याची कित्येक दप्तरे पुणे शहरातच आहेत. 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील पुणे जिल्ह्याच्या खंडात येथील डोंगर, जंगले आणि कोळी समाज यांची वर्णने आहेत, आणि गॅझेटिअर हा नियमांत नाव घेऊन सांगितलेला पुरावा आहे. गाव नकाशा, टिपण (जुन्या मोजणीची नोंद) आणि आकारबंद (प्रत्येक गटाचे क्षेत्र व आकारणी यांची नोंद) तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकलेसाठी अर्ज करून मिळतात. वनकक्षांचे (जंगलाच्या क्रमांकित भागांचे) क्रमांक व कार्य आयोजनेतील (वनविभागाच्या व्यवस्थापन आराखड्यातील) उतारे वनविभागाकडे असतात, आणि गावाच्या जुन्या निस्ताराची व गवत-लाकडाच्या सवलतींची नोंद त्यांत कधी कधी सापडते. देवस्थानाचे इनाम किंवा जुना कौल गावाच्या नावे असेल, तर पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला अजूनही पेशवे दप्तर म्हणतात तेथे, शोध घेण्यासारखा आहे. ती कागदपत्रे मोडी लिपीत असतात, त्यामुळे जाणकार वाचक सोबत न्यावा. पुण्यात मोडी वाचणारे मिळतात.

देवराई असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र पान लिहावे. देवाचे नाव, वार्षिक उत्सव, तोडीवरील बंधने, मोडणाऱ्याला गावाने पूर्वी केलेला दंड, हे सारे त्यात यावे. गावाने पिढ्यान्पिढ्या जंगलाचे नियमन केले आहे, हे दाखवणारा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. पुण्यातील माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्या गावाचा उल्लेख अशा लेखनात असेल, तर ते पान जोडावे.

नकाशे आणि मतदार याद्या ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे, हे पुष्कळ गावांना ठाऊक नसते. प्रथम त्यासाठी साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, त्याला 30 दिवसांची मुदत आहे. जिल्ह्यातील आदिवासी गावांना घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून, आणि राज्य पातळीवर पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून मार्गदर्शन मागता येते.

पडताळणी आणि पुढचा प्रवास

दावा तयार झाला की समितीने वनविभाग व महसूल विभाग यांना तारीख कळवून प्रत्यक्ष पडताळणी ठेवावी. ही सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी, कारण पुढचा सारा वाद या कागदावर येऊन थांबतो. अधिकारी आले, तर त्यांनी पंचनाम्यावर पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर आमच्या गैरहजेरीत पडताळणी झाली असा आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते अनुपस्थित राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम मानला जातो. ही तरतूद 2012 च्या नियम 12-अ मध्ये आहे. अधिकारी येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे थांबून राहण्याचे कारण नाही.

पडताळणीनंतर ग्रामसभा पुन्हा पूर्ण गणपूर्तीने भरवून दावा मंजूर करावा आणि तो उपविभागीय समितीकडे द्यावा. देताना प्रत्येक पानावर क्रमांक घालावा, अनुक्रमणिका लावावी आणि संपूर्ण संच गावात ठेवून दुसरा संच कार्यालयात द्यावा. आवक क्रमांकाशिवाय संचिका सोडून परतू नये. तेथून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाते. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटल्यास वरच्या समितीने तो स्वतः फेटाळायचा किंवा बदलायचा नसतो, तर फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. नकार दिला तर त्याची कारणे लेखी मिळाली पाहिजेत. ग्रामसभेच्या ठरावाने नाराज व्यक्तीला उपविभागीय समितीकडे, आणि त्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे, प्रत्येक वेळी 60 दिवसांत दाद मागता येते. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय कायद्याने अंतिम असला, तरी राज्यपालांनी 2020 मध्ये काढलेल्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील दावेदारांसाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपिलाची सोय झाली आहे. निकाल तोंडी कळल्यास तो मिळालाच नाही असे समजून लेखी प्रतीची मागणी करावी, कारण मुदत मोजण्यासाठी ती तारीख लागते.

हक्कपत्र हाती आल्यावर

हक्कपत्रावरील क्षेत्र, कक्ष क्रमांक आणि चतुःसीमा आपल्या नकाशाशी त्याच दिवशी ताडून पाहाव्यात. क्षेत्र कमी केलेले असेल किंवा कायद्यात नसलेल्या अटी घातलेल्या असतील, तर सत्कार समारंभाच्या आनंदात ते राहून जाऊ देऊ नये आणि लगेच लेखी हरकत घ्यावी. अंतिम नकाशा तयार करून महसूल व वन अभिलेखात हक्काची नोंद घेण्यासाठी नियमांनी जास्तीत जास्त तीन महिने दिले आहेत. त्या मुदतीनंतर सातबारा पुन्हा काढून इतर हक्कांत नोंद आली का, हे पाहावे.

त्यानंतर ग्रामसभेने वनसंवर्धन व व्यवस्थापनाची समिती नेमून आराखडा करायचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, पण तेथील बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्यासाठी गावाला आणखी झगडावे लागले, आणि 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढच्याच वर्षी नियम सुधारले गेले आणि गौण वनउपजेचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने द्यावा, असे त्यांत स्पष्ट लिहिले गेले. तेव्हा भीमाशंकर परिसरातील ग्रामसभेने हिरड्याचा पहिला हंगाम येण्याआधी परवान्याचा नमुना, शिक्का, नोंदवही आणि ग्रामसभेचे बँक खाते या चार गोष्टी तयार ठेवाव्यात. पोत्यांची संख्या, वजन, गोळा करणाऱ्याचे नाव, खरेदीदार आणि दर हे रकाने वहीत असावेत, आणि ती वही दर ग्रामसभेत वाचून दाखवावी.